थबकलेला हात

दिवाळीची सुटी संपून शाळा भरली कीं दरवर्षीं एखाद-दुसरे पालक मला व्हरांड्यांत गांठतात आणि बहुधा एकच गाऱ्हाणें सांगतात. “मास्तर, आमच्या मुलाला पेटी शिकावयास घातलें. पहिल्या वर्षीं किती झपाट्यानें शिकला! आतां सहा महिने झाले, पण तीच चीज आणि तीच चूक. वाद्य कांहीं त्याच्या नशिबीं दिसत नाहीं. हा तास बंद करून गणिताची शिकवणी लावावी म्हणतों. आपलें मत काय?” या प्रश्नाचें उत्तर मीं एकदां फार चुकीचें दिलें आहे. म्हणून आज तें नीट विचार करून येथें लिहीत आहें.

पहिल्या वर्षीं प्रगति इतकी जलद कां भासते हें प्रथम पाहूं. ज्याला कांहींच येत नव्हतें, त्याला रोज कांहीं तरी नवें येतें. स्वर कोठें आहेत हें कळतें, भाता हलका चालविण्यास जमतें, दोन-चार अलंकार बसतात, एखादी प्रार्थना वाजूं लागते आणि घरांत कौतुक होतें. हा काल डोळ्यांना दिसणाऱ्या लाभाचा असतो. पुढचें शिक्षण मात्र तसें दिसत नाहीं. बोट न पाहतां योग्य जागीं पडणें, पुढचा स्वर कानांत आधीं उमटणें, हात स्वरांवर असतांना मन लयीकडे मोकळें राहणें, हीं कामें आंतल्या आंत चालतात. बाहेरून पाहणाऱ्यास वाटतें कीं मूल जागच्या जागीं उभें आहे.

ब्रायन व हार्टर या दोघां अमेरिकन संशोधकांनीं तारायंत्र शिकणाऱ्या उमेदवारांविषयीं १८९७ व १८९९ सालीं आपले निबंध प्रसिद्ध केले. त्यांना असें आढळलें कीं, संदेश ऐकून घेण्याचा वेग कांहीं काळ वाढतो, मग बरेच दिवस वाढतच नाहीं, आणि नंतर पुन्हां चढूं लागतो. प्रगतीच्या रेषेंतील या सपाट भागास त्यांनीं पठार म्हटलें. त्यांचें म्हणणें असें कीं, उमेदवार आरंभीं सुटीं अक्षरें ऐकतो, पुढें सबंध शब्द ऐकतो आणि त्याहून पुढें वाक्यांचे तुकडे ऐकतो. खालची पायरी पुरती अंगवळणीं पडेपर्यंत वरच्या पायरीवर पाय ठरत नाहीं. पुढें १९५८ सालीं केलर या मानसशास्त्रज्ञानें, असें पठार प्रत्येकाला लागलेंच पाहिजे या समजुतीवर आक्षेप घेतला. मला या दोन्ही मतांत आशाच दिसते. पठार लागलें तर तें बुद्धीच्या अभावाची खूण नव्हे. आणि तें अटळ नसेल, तर शिकण्याची रीत सुधारून तें ओलांडतां येईल.

रीत सुधारणें म्हणजे काय, हें मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतों. लहानपणीं मी पेटीवर भूप रागांतील एक गत शिकत होतों. विलंबित लयींत ती बरी वाजे, पण दुगुणींत गेलों कीं एकाच जागीं हात अडखळे. मी रोज तासभर ती आरंभापासून शेवटपर्यंत वाजवीत असें, आणि इतके श्रम करूनही सुधारणा कां नाहीं म्हणून रडकुंडीस येत असें. माझ्या गुरुजींनीं एके दिवशीं शेजारीं बसून सर्व ऐकलें आणि म्हणाले, “तूं रियाज करीत नाहींस. तूं नुसता वाजवितोस.” मग त्यांनीं माझा अंगठा दाखविला. काळी एक हा षड्ज धरला असतां भूपाच्या पांच स्वरांपैकीं चार काळ्या पट्ट्यांवर येतात आणि एकटा गंधार पांढऱ्या पट्टीवर येतो. तेथें अंगठा बोटांखालून वेळींच सरकला पाहिजे. माझा अंगठा निमिषभर उशिरा पोहोंचे. संथ लयींत ती उणीव झांकली जाई, दुगुणींत उघडी पडे. म्हणजे रोजच्या त्या तासांत मी गत पक्की करीत नव्हतों, चूक पक्की करीत होतों.

गुरुजींनीं सबंध गत बंद केली. रिषभ, गंधार, पंचम एवढे तीनच स्वर, तेही अगदीं सावकाश, रोज पाव तास. पहिला आठवडा माझा हात पूर्वीपेक्षांही वाईट चालला, कारण जुनी संवय मोडली होती आणि नवी लागली नव्हती. तिसऱ्या आठवड्यांत ती जागा साधली. त्यानंतर दुसऱ्या चिजाही आपोआप सोप्या झाल्या, कारण अडलें होतें तें गतीमुळें नव्हे, अंगठ्यामुळें.

यावरून माझ्या विद्यार्थिमित्रांना चार गोष्टी सुचवितों. पहिली, सबंध चीज पुन्हां पुन्हां वाजवूं नका. नेमकें कोठें अडतें तें शोधा. आपलें वादन ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशीं परक्याच्या कानानें ऐका. दुसरी, तेवढा तुकडा इतक्या संथ लयींत वाजवा कीं चूक होणारच नाहीं, आणि मग लय थोडी थोडी वाढवा. याला तालयंत्राचें साहाय्य घ्यावें. मेल्त्सेलनें १८१५ सालीं आपल्या मेट्रोनोमचें पेटंट घेतलें, तेव्हांपासून हें साधन वादकांच्या उपयोगी पडत आलें आहे. तिसरी, जें वाजवावयाचें तें आधीं गळ्यानें म्हणा. जें कानांत स्पष्ट नाहीं तें बोटांत उतरत नाहीं. चौथी, विश्रांतीला आळस समजूं नका. एरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ सालीं बर्लिन येथील व्हायोलिन शिकणाऱ्यांविषयीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांतील उत्तम वादक एकाग्रतेनें मेहनत करीत आणि मध्यें विसांवा घेत. दुपारची झोंपही ते घेत असत.

आतां माझ्या चुकीविषयीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका मुलीच्या वडिलांनीं मला वर दिलेला प्रश्न विचारला. मीं तिचें प्रगतिपुस्तक पाहिलें, तिचा हात ऐकला नाहीं, आणि “बंद करावयास हरकत नाहीं” असें सांगून मोकळा झालों. पेटी विकली गेली. पुढें दोन वर्षांनीं स्नेहसंमेलनांत दुसरी मुलगी पेटी वाजवीत असतां ही मागच्या बांकावर बसली होती. माझी दृष्टि सहज तिच्या हाताकडे गेली. बांकाच्या फळीवर तिचीं बोटें त्या सुरांबरोबर चालत होतीं, आणि अंगठा अगदीं वेळींच सरकत होता. तिला येत नव्हतें असें नाहीं. मीं आणि तिच्या वडिलांनीं वाट पाहिली नाहीं, एवढेंच.

कोणी म्हणेल, प्रत्येक मुलानें वादकच व्हावें काय? मुळींच नाहीं. परीक्षा आहेत, पैशांची ओढाताण आहे, आणि कांहीं मुलांचें मन खरोखर दुसरीकडे असतें. वाद्य सोडावयाचें असेल तर अवश्य सोडावें. पण पठारावर असतांना सोडूं नये, एवढाच माझा आग्रह आहे. अडलेली एक जागा ओलांडूं द्यावी, एक चीज नीट पुरी होऊं द्यावी, आणि मग विचारपूर्वक निरोप घ्यावा. कारण अडल्या जागीं सोडणारें मूल वाद्य तर सोडतेंच, शिवाय “मला येत नाहीं” हा धडा बरोबर घेऊन जातें. तो धडा मग भूमितीच्या सिद्धांतापुढें, इंग्रजी निबंधापुढें आणि पुढें संसारांतही त्याच्या आड येतो.

म्हणून पालकांस माझी विनंति आहे. संध्याकाळीं मूल पेटीवर बसलें म्हणजे “नवें काय शिकलास?” असें विचारूं नका. “आज कोणती जागा साधली?” असें विचारा, आणि पांच मिनिटें जवळ बसून ती जागा ऐका. संगीत न कळलें तरी चालेल. आपलें कोणी तरी लक्षपूर्वक ऐकत आहे, हें मुलाला कळलें म्हणजे पुष्कळ झालें.