गाठीवर शस्त्र चालविण्यापूर्वी

शिरूर किंवा दौंडचा हृदयरुग्ण आज पुण्यात अँजिओप्लास्टी करून दोन-तीन दिवसांत घरी परततो. २०१२ साली सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी राज्याची जनआरोग्य योजना, तसेच २०१७ मध्येच केंद्राने स्टेंटच्या किमतींवर घातलेली मर्यादा, यांमुळे हा उपचार सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आला, ही निःसंशय समाधानाची बाब होय. परंतु रुग्ण घरी आला म्हणजे काळजी संपली, हा समज घातक आहे.

हृदयापर्यंत नळी जाते ती मनगटातील किंवा जांघेतील धमनीतून. मनगटाच्या मार्गात धोका कमी. जांघेतील छिद्र मात्र क्वचित नीट बुजत नाही. रक्त धमनीबाहेर साचते आणि नाडीबरोबर उडणारी गाठ तयार होते. वरवर पाहता ती गळवासारखी भासू शकते. गळू समजून तिला चीर दिली, तर प्रसंग प्राणावर बेततो. शेकणे आणि चोळणेही वर्ज्यच.

अशा वेळी कलर डॉपलर सोनोग्राफी करावी. तीत ना सुई, ना क्ष-किरण. गाठीत खेळणारे रक्त पडद्यावर स्पष्ट दिसते. लहान गाठ बहुधा देखरेखीखाली आपोआप मिटते. मोठ्या गाठीवर सोनोग्राफीत पाहत दाब देऊन अथवा थ्रॉम्बिनचे इंजेक्शन देऊन बहुतेक वेळा शस्त्रक्रियेविना इलाज होतो. मात्र कंबर किंवा पोट दुखून रक्तदाब उतरू लागला, तर रक्त पोटाच्या मागील बाजूस साचत असण्याची शक्यता असते. तेथे डॉपलरवर विसंबू नये. रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात हलवावे आणि सीटी स्कॅन करावा.

गर्भलिंगनिदानास आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याने सोनोग्राफी केंद्रांवर नोंदणीचे बंधन घातले, ते योग्यच आहे. पायाच्या धमनीच्या तपासणीस तो कायदा आड येत नाही. उणीव आहे ती जाणकार हातांची आणि वेळेवर होणाऱ्या तपासणीची. तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात ही तपासणी करणारा तज्ज्ञ ठरावीक दिवशी तरी उपलब्ध असावा. शहरातील रुग्णालयांनी घरी पाठविताना नळी कोठून घातली आणि कोणत्या लक्षणांवर धावत यावे, हे सोप्या मराठीत लिहून द्यावे.

रुग्णाला पुण्यास नेणारे कार्यकर्ते गावोगावी आहेत. परतल्यावर चार दिवसांनी त्याच्या घरी जाऊन जांघेत गाठ, ठणका वा पायाला गारवा नाही ना, एवढी विचारपूस त्यांनी केली, तरी सेवेचे ते व्रत पूर्णत्वास जाईल.