चढणीपूर्वी जाळी निघावीत

बीड जिल्ह्यातील बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटतात आणि धरणांचा तळ उघडा पडतो. २०१६ मध्ये धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे मराठवाडा विसरलेला नाही. माणसांच्या हालांचा हा काळ नदीतल्या माशांसाठीही जीवघेणा असतो, कारण सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा यांचे पाणी डोहांपुरते उरते, तिथे सारे मासे दाटीने एकवटतात आणि त्याच डोहांत बुडालेल्या बाभळींच्या खोडांना, बंधाऱ्यांच्या दगडांना अडकून तुटलेली तंगुसाची जाळी पडून असतात.

तंगूस म्हणजे नायलॉनचा एकेरी, पारदर्शक धागा. पूर्वीची सुती वा तागाची जाळी हरवली तरी काही काळाने कुजत. नायलॉन मात्र वर्षानुवर्षे टिकते आणि मालक विसरला तरी जाळे मासे धरतच राहते. माशाचे डोके जाळ्याच्या आसात, म्हणजे भोकात, शिरते, कल्ले अडकतात, तो गुदमरतो, आणि त्या मेलेल्या माशाच्या वासाने आलेली कासवे व पाणसापही तिथेच गुंततात. अशा मरणाची नोंद होत नाही आणि ती मासळी कुणाच्या ताटातही जात नाही. गंगेच्या पात्राविषयी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने टाकाऊ जाळ्यांचा धोका कासवांना व गंगेतील डॉल्फिनला असल्याचे दाखवून दिले. आपल्या नद्यांच्या, म्हणजे गोदावरीच्या, खोऱ्यात धागा तोच आहे, म्हणून धोक्याचे स्वरूपही वेगळे नाही.

समुद्राकडे शासनाचे लक्ष गेले आहे: संरक्षित जलचराला सोडवण्यासाठी जाळे कापावे लागल्यास मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा निर्णय राज्याने २०१८ मध्ये घेतला. या निर्णयामागचे तत्त्व, म्हणजे जीव वाचवणाऱ्या मच्छीमाराने एकट्याने तोटा सोसू नये, हे नदीलाही लागू केले पाहिजे. भोई समाजातील अनेक कुटुंबांना जाळे ही मोठी गुंतवणूक असते आणि कुणीही ते हौसेने टाकून देत नाही, म्हणून दंडाच्या धाकाने हा प्रश्न सुटणार नाही. उलट, धाकामुळे फाटकी जाळी रात्री गुपचूप पाण्यात जातील. मच्छीमार सहकारी संस्थांनी जुनी जाळी वजनावर विकत घ्यावी आणि मत्स्यव्यवसाय विभागाने त्याचा खर्च उचलावा, हा मार्ग अधिक न्याय्य आहे.

वेळ मात्र पाळावी लागेल. पहिल्या पुराबरोबर मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर जातात, त्यांना चढणीचे मासे म्हणतात; अंड्यांनी भरलेली मादी या वाटेवर अडकली तर पुढची पिढीच जाते. त्यामुळे मांजरथच्या सिंदफणा-गोदावरी संगमापासून बालाघाटाच्या पायथ्यापर्यंतचे डोह, बंधारे व उघडे जलाशय मे महिन्यातच तपासले जावेत, जाळी कुठे अडकते हे ठाऊक असलेल्या मच्छीमारांनाच रोजंदारी देऊन हे काम सोपवावे, गाळात रुतलेले जाळे ओढून तळ उकरण्याऐवजी वरच्या वर कापावे आणि काठावर ते पेटवू नये, कारण जळत्या नायलॉनचा धूर विषारी असतो. तलावांच्या मासेमारी ठेक्यात हरवलेल्या जाळ्याची माहिती संस्थेला देण्याची अट पुढील हंगामापासून घालता येईल. अशी माहिती देणाऱ्यावर कारवाई होणार नाही, हेही त्याच करारात लिहिलेले असावे.