यंत्र बसले, नोंद कोण ठेवणार?

छातीत पेसमेकर बसला की रोगी बरा झाला, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः त्या दिवशी एका दीर्घ हिशेबास प्रारंभ होतो. १९५८ साली स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसविण्यात आला. तो काही तासांतच बंद पडला. लार्सन २००१ पर्यंत जगले, मात्र तेवढ्यात वीसहून अधिक यंत्रे बदलावी लागली. आजचे यंत्र बरीच वर्षे टिकते. तरीही बॅटरी किती उरली, तार सरकली काय, ठोके मध्येच चुकतात काय, हे वरचेवर पाहावेच लागते.

चिखलीसारख्या कारखानदारीच्या वस्तीत या तपासणीस निराळे महत्त्व आहे. पेसमेकर असलेल्याने चालू वेल्डिंगपासून दोन फूट अंतर राखावे, इंडक्शन भट्टी आणि प्रबळ चुंबके टाळावीत, असे डॉक्टर सांगतात. सल्ला योग्यच, पण ज्याचे पोट वेल्डिंगवर आहे त्याने दोन फुटांवरून सांधा कसा जोडावा? छातीतील यंत्राची गोष्ट मालकापासून लपविण्याचा मोह त्यास झाला, तर नवल नाही. घेरी येते ती कामाच्या ठिकाणी, भर दुपारी. तपासणी होते ती काही महिन्यांनी, रुग्णालयाच्या शांत खोलीत.

ती दुपार पकडण्याचे साधन आता उपलब्ध आहे. नॉर्मन होल्टर यांचे पहिले फिरते नोंदयंत्र सुमारे ३८ किलोंचे होते व पाठीवर वाहावे लागे. आज अनेक पेसमेकर स्वतःच नोंदी साठवितात आणि उशाशी ठेवलेल्या उपकरणातून वा मोबाइलमधून रुग्णालयाकडे धाडतात. अशी दूरस्थ देखरेख हा उपचाराचाच नित्य भाग मानावा, असे अमेरिकेतील हार्ट ऱ्हिदम सोसायटीने २०१५ मध्येच सुचविले. रुग्णालयाची एक फेरी म्हणजे रोजंदाराची एक दिवसाची मजुरी, सोबत येणाऱ्याची दुसरी. हा खर्च कोणत्याही बिलात दिसत नाही.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून गरिबाला पेसमेकर मिळू शकतो, ही मोठीच गोष्ट होय. परंतु सरकारी खरेदीत केवळ यंत्राचा भाव पाहणे हे अर्धेच अर्थशास्त्र ठरते. एका कंपनीचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या तपासणी-संचाने वाचता येत नाही. ग्राहक एकदा बांधला गेला की आयुष्यभर बांधला जातो. म्हणून नोंदी पाठविण्याचे उपकरण आणि यंत्राच्या आयुष्यभराची देखरेख यांची किंमत निविदेतच ठरवून घ्यावयास हवी. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखलीतील भंगाराची दुकाने व छोटे कारखाने पाडले गेले, तेव्हा तेथील माणसे पांगली. पत्ता बदलणाऱ्या अशा रुग्णाचा माग केवळ केसपेपरवर राहणार नाही.

अर्थात उशाशी ठेवलेले उपकरण म्हणजे रुग्णवाहिका नव्हे. आलेली नोंद त्याच दिवशी वाचणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि रुग्णास मराठीत वा हिंदीत दूरध्वनी करणारी परिचारिका, एवढी माणसे महापालिकेच्या पिंपरी येथील यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालयात याच कामासाठी नेमावीत, आणि त्यांच्या वेतनाची तरतूद यंत्रखरेदीच्याच शीर्षाखाली दाखवावी.