शिक्षकाचे वेतन ही संस्थेची कृपा नव्हे

आमच्या वस्तीतील एखादा तरुण पदवी घेऊन खासगी शाळेत शिक्षक म्हणून रुजू होतो, तेव्हा त्या घराला केवढी धन्यता वाटते! परंतु त्याच्या हाती नियमाहून कमी पगार पडू लागला, अथवा पूर्ण रकमेवर सही घेऊन काही भाग परत मागितला गेला, म्हणजे तेच घर मूग गिळून बसते. संस्थाचालकांनी नोकरी दिली, हे त्यांचे उपकार. मग भांडावे कसे? ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेथे ही लाचारी शोभत नाही.

गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली असा निर्णय दिला की, औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक हा कामगार नव्हे. शिक्षण हे उदात्त कार्य आहे, असे त्या निकालात म्हटले आहे. उदात्ततेवर चूल पेटत नाही, ही गोष्ट निराळी!

महाराष्ट्रातील शिक्षकाचा खरा आधार 1977 चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा अधिनियम हा आहे. शाळेस अनुदान असो वा नसो, तो लागू होतो. वेतन नियमाहून कमी असल्यास ते त्या पातळीवर आणण्याचा लेखी आदेश शिक्षण संचालक व्यवस्थापनास देऊ शकतात. तो न पाळणाऱ्या शाळेची मान्यताही जाऊ शकते. म्हणून प्रथम शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी व तिची पोच घ्यावी. नेमणुकीचा आदेश, मान्यतेचे पत्र, सेवापुस्तकाची प्रत व बँकेचे पुस्तक घरात जपून ठेवावे. तोंडी आश्वासनास तेथे कोणी विचारीत नाही.

शाळा न्यायाधिकरणासंबंधी मात्र पुष्कळ गैरसमज आहे. बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा बढतीत डावलणे, एवढ्यांविरुद्धच तेथे अपील चालते. केवळ थकलेल्या पगारासाठी नव्हे. पगार मागितला म्हणून काढून टाकले, तर आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत तेथे गेलेच पाहिजे.

अधिकाऱ्यांनी दाद न दिल्यास उच्च न्यायालय उरते. पूर्वी त्यासाठी मुंबईची वाट धरावी लागे, आणि त्या खर्चानेच कित्येकांचा धीर खचे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातच मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हेही त्याच्या कक्षेत येतात. मात्र वर्षानुवर्षे स्वस्थ बसून मग तेथे जाणाऱ्यास मागील थकबाकी सामान्यतः तीन वर्षांपुरतीच मिळते.