रात्रीचें दूध आणि दिवसाची घडी

गेल्या महिन्यांत आमच्याकडे एका भगिनीचें पत्र आलें. मूल चार महिन्यांचें. वजन यथास्थित वाढतें आहे. परंतु रात्रीं पांच-सहा वेळां उठून दूध मागतें, आणि दिवसां मात्र दोन घोट घेऊन तोंड फिरवितें. प्रसूतीनिमित्त मिळणारी २६ आठवड्यांची रजा (२०१७ सालच्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांस ती मिळूं लागली) संपत आली आहे, आणि इकडे झोपेअभावीं बाईंना चक्कर येते. घरांत सासूबाई, आजेसासूबाई, जाऊबाई अशीं वडील माणसें आहेत. सर्वांचें मत एकच, कीं आईचें दूध पुरत नाहीं. सबब रात्रीं वाटीभर गाईचें दूध पाजावें.

गाईच्या दुधाविषयीं प्रथमच सांगून टाकतों. वर्ष पुरें होईपर्यंत तें मुलास पिण्यास देऊं नये. त्यांतील प्रथिनें व क्षार यांचा भार कोंवळ्या मूत्रपिंडांस सोसत नाहीं, आणि लोह तर त्यांत अगदींच थोडें. मधाचें बोटही वर्षाच्या आंत नको. पहिले सहा महिने केवळ आईचें दूध, पाणीसुद्धां नाहीं, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनें २००१ सालीं केली. आश्वलायन गृह्यसूत्रांतही अन्नप्राशन सहाव्या महिन्यांतच सांगितलें आहे, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल.

आतां मूळ प्रश्न. दूध पुरतें कीं नाहीं, हें मुलाच्या रडण्यावरून ठरत नाहीं. वजनावरून आणि ओल्या लंगोटांवरून ठरतें. दिवस-रात्र मिळून सहा किंवा अधिक वेळां लघवी होत असेल व वजन चढतें असेल, तर आईच्या दुधास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. मग मूल रात्रीं इतकें कां उठतें? आमच्या मतें याचें उत्तर त्या पत्रांतच आहे. भरल्या घरांत मूल दिवसभर या मांडीवरून त्या मांडीवर जातें. भुकेनें मूठ चोखूं लागलें, कीं कोणी खुळखुळा वाजवितें, कोणी गॅलरींत नेऊन कावळा दाखवितें, कोणी पाळण्यास झोका देतें. या वयांत मुलास जगाचें कुतूहल फार. तें भूक विसरतें. आई तोंवर स्वयंपाकघरांत गुंतलेली. रात्रीं घर निवांत होतें, आई एकटी सांपडते, आणि दिवसाची सारी उधारी मूल वसूल करितें.

म्हणून रात्र सुधारावयाची, तर आरंभ दिवसापासून करावा. दर अडीच-तीन तासांनीं आईनें मूल घेऊन एका बाजूच्या खोलींत बसावें, पडदा ओढावा. आणि त्या वेळांत 'जरा भाजी निवडून दे' अशी हांक कोणीं मारूं नये. दिवसां मूल तीन तासांहून अधिक निजलें, तर हळूच उठवावें. सकाळीं त्यास उजेडांत व घरच्या बोलाचालींत ठेवावें. आई निजावयास जातांना, दहाच्या सुमारास, एकदां पोटभर पाजावें.

रात्रीं दिवा मंद असावा, बोलणें-खेळविणें नसावें, लंगोट भिजला-मळला असेल तेवढाच बदलावा. मुलानें हूं कीं चूं केलें कीं लगेच उचलूं नये; पुष्कळदां तें अर्धवट झोपेंत कुरकुरतें व पुन्हां निजतें. मागील पाजण्यास दोन तासही झाले नसतील, तर थोपटून पाहावें. तरीही न निजल्यास मात्र खुशाल पाजावें. रडत ठेवण्याची शिस्त आम्हांस मान्य नाहीं. एक खेप कमी झाली, कीं चार-पांच दिवस तेथेंच थांबावें. एकदम तोडल्यास दूध दाटून आईस गांठी होतात, प्रसंगीं ताप येतो. या वयांत रात्रीं एक-दोन वेळां पाजावें लागणें हें स्वाभाविकच आहे. शेजारचें मूल रात्रभर निजतें, हा दाखला येथें कामाचा नाहीं.

सासूबाईंस आमची एक विनंति आहे. पहांटे पाजून झालें, कीं मूल आपण घ्यावें आणि सुनेस सातपर्यंत निजूं द्यावें. सकाळचा चहा घरांत दुसरेंही कोणी करूं शकेल; आमच्या वयाच्या पुरुषांसही तो करतां येतो.

वजन वाढेनासें झालें, लघवी कमी झाली, मूल मलूल पडून दूधच घेईना, किंवा अंगांत ताप असला, तर मात्र घरचे उपाय न करितां त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें.