महामार्गावरून दिसणारे आपले विद्यापीठ

सिंधुदुर्गातून रायगडाकडे निघालेली शालेय सहल मुंबई-गोवा महामार्गाने महाडजवळ येते, तेव्हा डोंगरकड्यात कोरलेली गांधारपाले लेणी समोर दिसतात. बस मात्र थांबत नाही. ती थांबली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विहार म्हणजे भिक्खूंनी वर्षावासात एकत्र राहून धम्म शिकण्या-शिकविण्याचे स्थान. मध्ये मंडप, भोवती लहान खोल्या, खोलीत निजण्यासाठी दगडी ओटा. निवासी शाळेत वाढणाऱ्या मुलाला ही रचना परकी वाटणार नाही. रायगड जिल्ह्यातीलच कुडा लेण्यांच्या ब्राह्मी शिलालेखांत माळी आणि लोखंडाचे व्यापारी दाते म्हणून नोंदले आहेत. कष्टाच्या कमाईतून ज्ञानाला निवारा देण्याची परंपरा कोकणात इतकी जुनी आहे. आपली शाळाही त्याच दानपारमितेवर उभी आहे.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी आलेल्या बाबासाहेबांनी ही प्राचीन बौद्ध लेणी आवर्जून पाहिली. ज्यांना चवदार तळ्याचे पाणी नाकारले गेले, त्यांच्या नेत्याने त्याच परिसरात बुद्धाचा वारसा न्याहाळला. ‘तुम्हाला इतिहास नाही’ असे ऐकत आलेल्या समाजाच्या मुलांनी हा वारसा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला पाहिजे.

केवळ छायाचित्रांसाठी जाणे मात्र व्यर्थ होय. आधी ब्राह्मी मुळाक्षरे शिकवावीत, मगच लेणी चढावीत. शिक्षकांनी ती तयारी करावी आणि माजी विद्यार्थ्यांनी दरवर्षी एका बसचा खर्च उचलावा. हेही दानच आहे.