दोन पाटे वाढवून टोमॅटो वाचत नाही



आज गाडीबद्दल लिहितोय, पण विषय पिकाचाच आहे. टोमॅटोला कॅल्शियम कधी सोडायचं, बोरॉन कधी फवारायचं, साल कडक कशानं होते, यावर आपण रोज बोलतो. बोललंच पाहिजे. पण तो कडक केलेला टोमॅटो ज्या पिकअपमधून नारायणगावला जातो किंवा माळशेज उतरून वाशीला जातो, तिच्या मागच्या चाकावर काय बसवलंय हे कुणीच विचारत नाही. तीन महिने जपलेलं फळ तीन तासांत हौद्यात कुटून निघतं. मग आडतदार वरचं कॅरेट उपसतो, डागी माल बाजूला काढतो आणि भाव पाडतो. शिव्या खातो आडतदार, नाहीतर बियाणं.

गाडी मागून बसायला लागली की आपल्याकडं एकच औषध. गॅरेजवाला म्हणतो, "शेठ, दोन पाटे वाढवू." मालक खूश, ड्रायव्हर खूश. भाडं कॅरेटवर असतं, त्यामुळं जेवढे कॅरेट जास्त तेवढा त्यांचा फायदा. नुकसान कुणाचं? ज्याचा माल त्याचं. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पाटा किती असावा हा फक्त गाडीवाल्याचा प्रश्न नाही, तो शेतकऱ्याचाही आहे.

पाटे वाढवले की होतं काय ते बघा. कंपनीनं पाटे गाडीच्या पासिंगप्रमाणं दिलेले असतात. त्यात दोन घातले की ते भरगच्च गाडीतच थोडेफार वाकतात. पण आपला माल रोज भरगच्च असतो का? पहिल्या तोड्याला चाळीस कॅरेट, शेवटच्या तोड्यालाही तेवढेच. अशा अर्ध्या गाडीत वाढीव पाटा हलतच नाही. खड्ड्याचा दणका जसाच्या तसा हौद्यात येतो. त्यात पाटे गंजलेले, मध्ये चिखल बसलेला, ग्रीस वर्षानुवर्षं नाही. मग बारीक हादरा पाट्यांत जिरतच नाही, थेट कॅरेटमध्ये जातो. म्हणजे माल कमी आणि भाव चांगला असतो, नेमका तेव्हाच मार जास्त बसतो.

पाट्याची गाडी साधारण सेकंदाला ३ ते ४ वेळा थरथरते. पूर्ण हवेच्या सस्पेन्शनवरची गाडी दीड ते दोन वेळा, सावकाश हलते. थप्पीच्या वरच्या कॅरेटला आणि मागच्या चाकाच्याही मागं असलेल्या भागाला हा हादरा सगळ्यात जास्त लागतो. आडतदार उपसतो तेही वरचंच कॅरेट. आता समजा, भाव कुठं पडतो ते.

यावर आता नवीन औषध आलंय, एअर बलून. एक्सल आणि चासीच्या मध्ये दोन्ही बाजूला एकेक रबरी बलून बसवायचा आणि त्यात हवा भरायची. वस्तू चांगली आहे. पण विकणारे काय सांगतात? "एअर बसवा आणि बिनधास्त जादा माल भरा." इथंच माझा त्यांच्याशी वाद आहे.

हिशेब करू. बलूनचं आतलं तोंड साधारण पाच इंच व्यासाचं धरलं तर क्षेत्र होतं सुमारे २० चौरस इंच. त्यात ५० पीएसआय हवा भरली की तो १,००० पौंड, म्हणजे साडेचारशे किलोचा भार पेलतो. दोन बलून मिळून नऊशे किलो. ऐकायला झकास. पण तो भार जातो कुठं? बलून तो पाट्याकडून स्वतःकडं घेतो आणि खाली एक्सललाच देतो. एक्सल तोच, बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेकही तेच. गाडी मागून उचललेली दिसते म्हणून तिची ताकद वाढत नाही. बैलाची शिंगं रंगवली म्हणून तो जास्त ओढतो का?

उदाहरण घ्या. गाडीचं पासिंग १,७०० किलोचं. टोमॅटो २० किलो आणि कॅरेट दोन किलो, असे एका कॅरेटचे २२ किलो धरा. सत्तर कॅरेट म्हणजे १,५४० किलो, बरोबर बसतात. एकशेदहा भरले की २,४२० किलो. सातशे वीस किलो जादा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनाला २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागं २,००० रुपये, आणि जादा माल उतरवायचा खर्चही आपलाच. कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही की बलून असला तर माफ.

दंडापेक्षाही वाईट गोष्ट ब्रेकची. बऱ्याच पिकअपला मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो. चासी आणि एक्सलमधलं अंतर बघून त्याला कळतं की गाडी भरलीय की रिकामी. अंतर कमी, म्हणजे माल आहे, ब्रेक जोरात. अंतर जास्त, म्हणजे गाडी रिकामी, मागचा ब्रेक हलका. आता तुम्ही पाटे वाढवून किंवा बलून टम्म फुगवून गाडी मागून उचलून धरली. आत दोन टन माल आणि व्हॉल्व्हला वाटतंय गाडी रिकामी. मागचा ब्रेक हलका, सगळा भार पुढच्यावर. अशी गाडी माळशेज उतरते, केबिनमध्ये आपलीच पोरं असतात. यावर कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतोय.

मग बलून बसवूच नये का? बसवा, पण माल जास्त नेण्यासाठी नको, माल धड नेण्यासाठी बसवा. माझ्या मते क्रम असा पाहिजे:

१) आधी वाढीव पाटे काढा. कंपनीचा मूळ संच ठेवा, मधला चिखल साफ करा, यू-क्लॅम्प तपासा. वाढीव पाट्यावर बलून बसवला तर पैसे पाण्यात, कारण कडक पाटा हलल्याशिवाय बलूनला काम मिळत नाही.

२) मूळ पाटे काढून नुसत्या हवेवर गाडी करायच्या भानगडीत पडू नका. पाटा वजन तर पेलतोच, पण एक्सल जागेवर धरायचं कामही तोच करतो. तो काढला तर वेगळे दांडे लागतात. ते गावातल्या वेल्डिंगचं काम नव्हे. हे ठेवलं म्हणजे पूर्ण एअरची मऊ चाल मिळणार नाही, हेही समजून घ्या. मिळेल ते एवढंच की अर्धी गाडी मूळ पाट्यावर मऊ जाईल आणि भरलेली गाडी खाली आदळणार नाही.

३) पाट्याच्या गाडीला एक्सल-चासीमध्ये बसणारा बलूनच घ्या. स्प्रिंगच्या आत घालायचे बलून वेगळे, ते स्प्रिंगच्या गाडीला.

४) डाव्या-उजव्या बलूनची नळी वेगळी ठेवा. एकाच नळीवर दोन्ही जोडले तर वळणावर दाबाखालच्या बलूनमधली हवा दुसऱ्यात पळते आणि गाडी आणखी कलते.

५) नळी सायलेन्सरपासून लांब बांधा. बलूनभोवती मोकळी जागा हवी, पूर्ण फुगल्यावर तो कशालाही घासता कामा नये. जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती बघा.

६) रिकामी गाडी सपाट जागेवर उभी करून मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत माप घ्या. माल भरल्यावर हवा एवढीच भरा की गाडी त्या मापापेक्षा थोडी खाली राहील. वर कधीच नको. ब्रेकचा व्हॉल्व्ह कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तपासून घ्या.

७) माल उतरला की हवा कमी करा, पण पूर्ण काढू नका. किमान किती ठेवायची ते किटच्या पुस्तकात असतं. रिकामा बलून घडीत चिमटून फाटतो.

८) शॉकअप गेलेले असतील तर आधी ते बदला. बलून स्वतः उसळी थांबवत नाही, ते काम शॉकअपचं.

कागदाचंही बघा. कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या रचनेच्या विरुद्ध बदल चालत नाही. कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून बसवण्याआधी आरटीओ आणि कंपनीच्या डीलरला विचारा, लेखी घ्या. आणि जे म्हणतात "एअर बेकायदेशीर, पाटेच बरे", त्यांना विचारा, वाढीव पाटा कंपनीनं दिला होता का? तोही बदलच.

ज्यांना बलून परवडत नाही त्यांनी बिनपैशाचं करा. पासिंगएवढाच माल भरा. टायरमध्ये ठरलेलीच हवा ठेवा, दगडासारखा कडक टायर म्हणजे आणखी एक पाटा. पिकलेला माल केबिनकडं आणि खालच्या थरात, कच्चा माल वर आणि मागं. कॅरेट काठोकाठच भरा. वर ढीग आला तर वरचं कॅरेट फळ चेंबवतं, कमी भरलं तर फळ आत लोळतं.

सल्लागार मंडळींना विनंती, तुमच्या वेळापत्रकात शेवटच्या फवारणीनंतर एक ओळ गाडीचीही लिहा. आणि शेतकऱ्यांनो, भाडं ठरवताना गाडीखाली वाकून पाटे मोजा. मूळ पाट्याची, पासिंगप्रमाणं भरणारी गाडी कॅरेटमागं दोन रुपये जास्त मागत असेल तर द्या. जास्त कॅरेट भरणारा गाडीवाला आपल्याला स्वस्त वाटतो, पण डागी मालाचं बिल तो कधीच देत नाही. ते आपल्या पट्टीतूनच जातं.

पटत नसेल तर भांडा, पण आधी गाडीखाली वाकून बघा आणि मग भांडा.